स्वस्त खोलीची खोड

नगरहून औरंगाबादकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर (आता अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे असे म्हणायचे) घोडेगाव लागते. नेवासे तालुक्यातले हे गाव जनावरांच्या बाजारासाठी जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी तुम्ही तिथे कधी उतरला असाल, तर बैल घेणारा शेतकरी काय काय करतो ते तुम्ही पाहिलेच असेल. आधी तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. खांदा दाबतो, खूर उचलतो, चार पावले चालवून बघतो. मग हेडीच्या हातावर रुमाल टाकून आतल्या आत बोटांनी भाव ठरतो. पण बोट सोडण्याआधी तो एक प्रश्न हटकून विचारतो, "काही खोड नाही ना?" बैल मारका आहे का, औताला बसतो का, हे त्याला जाणून घ्यायचे असते. भाव फारच उतरला, तर शहाणा शेतकरी खूष होत नाही. तो अधिकच निरखून पाहू लागतो.

याच शेतकऱ्याचा मुलगा शहरात पोट भरायला जातो, तेव्हा खोली कशी घेतो? कोणा ओळखीच्याच्या मागोमाग रात्रीच्या वेळी अंधारा जिना चढतो, "भाडे किती?" एवढेच विचारतो, आणि ते खिशाला झेपते म्हटल्यावर ट्रंक टेकवून मोकळा होतो. भाडे इतके कमी का, हे तो विचारीत नाही. त्याने न विचारलेल्या या प्रश्नाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि तो मुंबईच्या चाळींत घडला आहे. आज तोच तुम्हांला सांगावा म्हणतो.

मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली ती १८५० नंतरच्या दशकात. पुढे १८७८ साली धोंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगर जिल्ह्याला मुंबईची वाट सोपी झाली. कोकणातली माणसे बोटीने येत, घाटावरची आगगाडीने. पाऊस हुकला की गाडीला गर्दी वाढे. आलेल्या माणसाला राहायला जागा हवी, आणि ती गिरणीच्या जवळ हवी. याला कारण होते. कायमची नोकरी मिळेपर्यंत तो 'बदली', म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतला जाणारा. पहाटे फाटकाशी उभा असेल, तरच मुकादमाची नजर त्याच्यावर पडणार. चार मैलांवर ऐसपैस झोपडे असून त्याचा काय उपयोग? तेव्हा स्वस्त आणि कोंदट खोली घेणारा कामगार अडाणी होता, असे कोणी म्हणू नये. त्याने हिशेब केलेला होता. फक्त त्या हिशेबातल्या बऱ्याच रकमा त्याला आधी दिसत नव्हत्या, इतकेच.

ती खोली कशी होती? दहा-बारा फूट लांब, तेवढीच किंवा त्याहून कमी रुंद. पुढे सर्वांचा मिळून एक सज्जा, सज्जाच्या टोकाला नळ आणि संडास. मागे खिडकी असलीच, तर ती घरगल्लीत उघडणारी. घरगल्ली म्हणजे दोन इमारतींमधली सांडपाण्याची आणि मैल्याची बोळ. वास नको म्हणून खिडकी बंद ठेवायची, आणि खिडकी बंद म्हणून चुलीचा धूर घरात कोंडायचा. नळाला पाणी पहाटे, तेही ठरावीक वेळच. त्या पाण्यासाठी बायकांनी अपुऱ्या झोपेतून उठून रांग धरायची. हा वेळ आणि ही झोप भाड्याच्या पावतीवर कधी लिहिली जात नसे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. धान्याची कोठारे, उंदीर आणि दाटीची घरे यांनी त्याला हवे ते सारे पुरवले. काही महिन्यांत शहरातली जवळजवळ निम्मी वस्ती पळाली. गावाकडे पळणाऱ्यांबरोबर प्लेगही दख्खनच्या पेठांत आणि खेड्यांत पोचला. मुंबईच्या घरगल्लीतली घाण घोडेगावसारख्या गावाला शिवणार नाही, असे समजणाऱ्यांचा भ्रम त्या दोन वर्षांत फिटला.

सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. रोगट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत घ्यायचा, असा बेत होता. रस्ते झाले, चांगले झाले. पण सुरुवातीच्या वर्षांत जितकी घरे पाडली, तितकी गरिबांसाठी उभी राहिली नाहीत. घर गेलेला माणूस शहर सोडून जात नाही, तो शेजारच्या वाडीत शिरतो. म्हणजे एका गल्लीतली दाटी दुसऱ्या गल्लीत गेली आणि तिथले भाडे चढले.

१९२१-२२ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा शंभरांतली ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे दिसले. त्याच सुमाराचा आणखी एक आकडा आहे; तो वाचताना आजही हात थबकतो. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांमध्ये, नोंद झालेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या आठशेच्या वर होती. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत तीच संख्या सव्वाशे-दीडशेच्या घरात होती.

हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका बरं का! त्यात एक मेख आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी येत. जन्म गावी होई, त्यामुळे मुंबईच्या वहीत तो लागत नसे. पुढे मूल घेऊन आई मुंबईला परते आणि मूल तिथे गेले, तर मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत चढे. म्हणून प्रमाण फुगलेले दिसते. पण ही मेख सोडवताना दुसरीच गोष्ट हाती लागते. बायका गावी का येत? माहेरची माया असे हे खरेच, पण त्या खोलीत बाळंतिणीला आडोसा नव्हता, शेकशेगडीला जागा नव्हती, हेही तितकेच खरे. आजारी माणूस गावी, थकलेला गावी, संप झाला की सगळेच गावी. वर्षाची ज्वारी-बाजरीही पुष्कळांची गावाहून येई. खोली स्वस्त पडत होती, कारण तिचे उरलेले भाडे गाव भरीत होते. घरमालक आणि गिरणीमालक या दोघांनाही हे भाडे पोचत होते. खेड्याच्या जमाखर्चात मात्र त्याची नोंद कुठेच नाही.

मग चांगली आणि तरीही स्वस्त खोली बांधता येत नव्हती काय? तोही प्रयोग झाला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. पन्नास हजार खोल्या बांधायचे ठरले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. याच त्या बी. डी. डी. चाळी. खोली १६० चौरस फुटांची, भिंती काँक्रीटच्या, इमारत पक्की. आणि गंमत पाहा, जागेची इतकी टंचाई असताना सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या! वरळी तेव्हा आडबाजूला होती. गिरणी लांब, बाजार लांब. काँक्रीट उन्हाळ्यात तापे. १९३० च्या कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेले घर तुरुंग म्हणून बिनदिक्कत चालले, यातच काय ते आले. पुढे वस्ती वाढली, शाळा आल्या, बाजार आला आणि याच चाळी गजबजून गेल्या. म्हणजे भिंती त्याच राहिल्या, बदलला तो शेजार. खोलीचे सुख निम्मे तरी तिच्या बाहेर असते.

बाहेर काय काय असे? कोपऱ्यावर दादा असे. तालीम चालवणारा, सणाला वर्गणी गोळा करणारा, भांडण मिटवणारा आणि वेळ आली तर लावणाराही. परक्या गावात एकट्या माणसाला त्याचा आधार वाटे. पोलिसापेक्षा तो लौकर येई. पण त्या आधाराचेही भाडे होते, आणि ते नाकारण्याची सोय नव्हती. वाणी उधार देई, म्हणून महाग माल घ्यावा लागे. पगाराच्या दिवशी सावकार फाटकाशी उभा असे. गुत्ता जिन्याखालीच. यांतले काहीही खोली घेताना दाखवले जात नाही. सारे हळूहळू कळत जाते.

काहींना तर निवडीचा प्रश्नच नव्हता. पैसे देऊनही अस्पृश्य मानलेल्या माणसाला पुष्कळ चाळींत खोली मिळत नसे, म्हणून त्याला जिथे मिळेल तिथे राहावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिदशेतले दिवस परळच्या डबक चाळीत गेले. सारे घर एका खोलीत. वडील रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवीत, कारण तेव्हाच काय ती शांतता. पुढे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत ५० आणि ५१ या दोन समोरासमोरच्या खोल्या त्यांनी घेतल्या आणि परदेशातून पदव्या मिळवून आल्यावरही ते वर्षानुवर्षे तिथेच राहिले. अशी उदाहरणे देऊन "बघा, चाळीतूनही मोठी माणसे झाली" असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. मला ती आवडत नाही. रात्री दोन वाजता उठल्याशिवाय जिथे अभ्यास होत नाही, तिथे किती मुलांचा झालाच नाही, हेही कोणी मोजावे.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडे १९४० च्या सप्टेंबरातल्या पातळीला बांधले गेले. जुन्या भाडेकरूला मोठा दिलासा मिळाला, यात शंका नाही. पण भाडे तिथेच आणि चुना, लाकूड, मजुरी वर चढत गेली. मालकाने दुरुस्तीवरून हात काढला. पागडी कायद्याने बंद होती आणि व्यवहारात सर्रास चालू होती. इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ चा कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. उपकर लागू असलेल्या इमारतींची मूळ संख्या साडेएकोणीस हजारांहून अधिक होती. त्यांतल्या काही अजून कोसळतात. २०१७ च्या ऑगस्टअखेर भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली आणि तीसहून अधिक माणसे गेली. नाममात्र भाड्याच्या घराची ही किंमत.

माझे एक चुलते गिरणीत होते. गिरणगावातल्या एका खोलीत ते बारा-तेरा गाववाल्यांबरोबर राहत. दिवसपाळीवाल्याच्या वळकटीवर रातपाळीवाला झोपे. त्यांची ट्रंक दोनदा फुटली. तेव्हापासून नवे कुलूप आले आणि किल्ली करगोट्याला बांधलेली. सुट्टीत घोडेगावी आले तरी किल्ली तिथेच. आता आमच्यापासून तीन-चार मैलांवर शिंगणापूर, जिथे घराला कुलूप न लावण्याची चाल जगप्रसिद्ध. आजी हसायची, "आरं, हितं तरी सोड की ती!" ते सोडीत नसत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वर्षभराने चुलते मुंबईत खोलीवर गेले, तर तिथे दुसरी माणसे. भाडे सतरा वर्षे भरलेले, पण ते ज्याच्या हातात दिले त्याने कधी पावती दिली नव्हती आणि यांनी कधी मागितली नव्हती. ट्रंक मात्र मिळाली, कुलपासकट. २०२५ च्या ऑगस्टात वरळीच्या बी. डी. डी. चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्याचे वाचले, तेव्हा मला त्यांचा करगोटा आठवला. ज्यांच्यापाशी कागद होते, त्यांच्या तीन-चार पिढ्यांनी ती घरे मिळवली.

आता आमच्याकडची मुले मुंबईपेक्षा पुण्याकडे अधिक जातात. चाकण, रांजणगाव, हडपसर ही त्यांची गिरणगावे. खोली पत्र्याची असो की पाचव्या मजल्यावरची, प्रश्न तोच आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने (तो २००० च्या मार्चअखेर अमलात आला) काही गोष्टी भाडेकरूच्या पदरात टाकल्या आहेत. करार लेखी असावा, नोंदवलेला असावा आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरायचे. भाड्याची पावती मालकाने द्यायचीच. भांडण झाले म्हणून पाणी-वीज तोडायची नाही. हे कायद्यात आहे. मागायला मात्र तोंड उघडावे लागते.

आणि खोली दिवसा पाहा, तशी रात्रीही पाहा. नळ स्वतः सोडून बघा आणि पाणी किती वाजता येते ते विचारा. रात्री नवानंतर त्या गल्लीतून बायका-मुली एकट्या येतात-जातात का, ते जरा उभे राहून न्याहाळा. पावसाळ्यात जिन्याखाली पाणी साचते का, हे भिंतीवरच्या ओलीच्या रेघेवरून समजते. विजेचे मीटर वेगळे आहे का, तेही बघा. शेवटी घोडेगावच्या बाजारातला प्रश्न विचारा. आधीचा भाडेकरू का गेला? मालकाला विचारू नका, तो खोड सांगणार नाही. शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईंना विचारा. त्या आधी तुमच्याकडे नीट बघतील, पदर सावरतील, आणि मग सांगतील.