पुनरुत्थानाचा सण (ईस्टर)

येशू ख्रिस्त क्रुसावरील मरणानंतर तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला, या श्रद्धेवर उभा असलेला ख्रिस्ती धर्मातील सर्वांत प्राचीन व सर्वश्रेष्ठ वार्षिक सण. नाताळ लोकांच्या अधिक परिचयाचा असला, तरी ख्रिस्ती उपासनेचे सबंध वर्ष या सणाभोवती फिरते, आणि रविवारची उपासनाही मुळात याच घटनेची साप्ताहिक आठवण होय. ग्रीक व लॅटिनमध्ये त्याला पास्का म्हणतात. हा शब्द हिब्रू ‘पेसह’वरून आला असून मराठी बायबलात त्यासाठी ‘वल्हांडण’ हा नेमका शब्द योजलेला आहे, कारण वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. इजिप्तच्या दास्यातून सुटण्याच्या रात्री इस्राएल लोकांच्या दारांना लावलेले कोकराचे रक्त पाहून संहार ती घरे ओलांडून गेला, ही निर्गमाच्या पुस्तकातील कथा; ख्रिस्ती श्रद्धेने ख्रिस्तालाच ते कोकरू मानले, आणि त्याच्यासह मरण ओलांडून नव्या जीवनात जाणे हा या सणाचा गाभा ठरला.

सणाचा दिवस चंद्रावर अवलंबून असतो. नायसियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने (३२५) सर्व मंडळ्यांनी (चर्चसंस्थांनी) तो एकाच रविवारी पाळावा असे ठरवले; पुढे रूढ झालेल्या गणितानुसार २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांमधील एखादा दिवस, त्यासाठी धरतात. बहुतेक पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन पंचांगाने गणना करत असल्याने त्यांचा सण पुष्कळदा वेगळ्या रविवारी येतो.

पुनरुत्थान म्हणजे प्रेतात पुन्हा प्राण येणे नव्हे. येशूने उठवलेला लाजर पूर्वीच्याच आयुष्यात परतला आणि त्याला पुढे मरण होतेच. ख्रिस्त मात्र ज्या जीवनात उठला तेथे मरणाची सत्ता चालत नाही, असे प्रेषित पौलाचे प्रतिपादन आहे. देह नष्ट होतो व अमर आत्मा तेवढा उरतो, या विचाराहूनही ही श्रद्धा निराळी आहे, कारण तिच्यात देह टाकून दिला जात नाही, तर त्याचे रूपांतर होते. म्हणूनच पौल ख्रिस्ताला मरण पावलेल्यांतील ‘प्रथमफळ’ म्हणतो: हंगामाची पहिली कणसे हाती आली की उरलेल्या पिकाची खात्री पटते, तसे. उठलेल्या देहावर खिळ्यांचे व भाल्याचे व्रण कायम होते आणि शिष्य थोमाला ते दाखवले गेले, हा योहानाच्या शुभवर्तमानातील (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकातील) तपशील फार मोलाचा आहे. भोगलेले दुःख या नव्या जीवनात पुसले जात नाही. तेच ओळखीची खूण होते.

प्रत्यक्ष उठण्याच्या क्षणाचे वर्णन चारही शुभवर्तमाने करत नाहीत. सरकवलेली धोंड, रिकामी कबर आणि पहाटे तेथे गेलेल्या स्त्रिया यांपासूनच ती पुढची कथा सांगतात. ज्या समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, तेथे ही वार्ता प्रथम त्यांच्याकडे आली. त्यांपैकी मरिया मग्दालिया समोर उभ्या असलेल्या येशूला माळी समजते आणि त्याने नावाने हाक मारल्यावरच त्याला ओळखते.

सणाचा अर्थ सर्वांत स्पष्टपणे उलगडतो तो पवित्र शनिवारच्या रात्रीच्या जागरणविधीत. रोमन कॅथलिक प्रथेनुसार अंधारलेल्या चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात. मोठ्या पास्का मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे चार अंक कोरून, ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून धूपाचे पाच कण बसवतात. त्या ज्योतीवरून भाविक आपापल्या मेणबत्त्या लावत जातात आणि पाहता पाहता सारे चर्च उजळते. त्यानंतरच्या स्तोत्रगानात मेण घडवणाऱ्या मधमाश्यांचाही कृतज्ञ उल्लेख येतो. मग सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातील वाचने होतात. त्यांपैकी इस्राएल लोकांनी लाल समुद्र ओलांडण्याचे वाचन कधीच गाळता येत नाही. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, प्रौढांना याच रात्री देण्याची प्रथा प्राचीन आहे, कारण पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्तासह पुरले जाणे आणि वर येणे म्हणजे त्याच्यासह उठणे, असा तिचा अर्थ. मधल्या अनेक शतकांत हा जागरणविधी शनिवारी सकाळीच उरकला जाई आणि लख्ख उजेडात पेटवलेल्या अग्नीचा अर्थच हरवे; बाराव्या पायस पोपने १९५१ मध्ये तो प्रायोगिक स्वरूपात पुन्हा रात्री आणला. या विधीतील वाचनांप्रमाणेच जुन्या करारातून ख्रिस्तापर्यंत येण्याचा क्रम मराठी वाचकाला फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध क्रिस्तपुराणात (१६१६) भेटतो: पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र.

पौर्वात्य चित्रपरंपरेत ख्रिस्त एकटा कबरेबाहेर येत नाही. इस्तंबूलच्या पूर्वीच्या खोरा चर्चमधील चौदाव्या शतकाच्या भित्तिचित्रात तो अधोलोकाची (मृतांच्या जगाची) मोडलेली दारे पायाखाली तुडवत आदाम व हव्वा यांना मनगटांना धरून थडग्यांतून वर ओढतो.

सणाचा आनंद पन्नास दिवस, पेन्टेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत), चालतो आणि रोमन कॅथलिक प्रथेत सणापूर्वीच्या उपवासकाळात वर्ज्य असलेला ‘आलेलुया’चा घोष पुन्हा घुमतो. त्यानंतर पास्का मेणबत्ती बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ हलवतात. वर्षभर प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी ती लावली जाते, आणि अंत्यविधीच्या वेळी शवपेटीशेजारी ठेवली जाते.