लोणारचं पाणी कुणी कुणी लिहून ठेवलं?

आपला बुलढाणा जिल्हा समुद्रापासून लांब, पण खाऱ्या पाण्याचा काठ आपल्याकडेही आहे. लोणार सरोवर!

आजी सांगायची, विष्णूनं लवणासुराला मारलं, म्हणून हे पाणी खारट. कॉलेजात गेल्यावर मी ते हसण्यावारी नेलं. मग जुनी पुस्तकं हाती आली.

सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फझलनं ‘ऐन-ए-अकबरी’त लोणार नोंदवलं. त्याची नजर महसुलावर. तो लिहितो, साबण आणि काच बनवायला लागणारा माल इथं मिळतो. म्हणजे क्षारच की! पुढं इंग्रजांच्या काळात अभ्यासक आले, अनेकांनी हे ज्वालामुखीचं तोंड ठरवलं. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात शोधनिबंध आला आणि उल्केचा आघात सिद्ध झाला.

कारण प्रत्येकाचं वेगळं, पण पाण्यातला खार आजीनंही सांगितला आणि अबुल फझलनंही.

२००० मध्ये इथं अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. पाणी आटून क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव फोफावले होते. पाणी बदललं हे कळायला, आधी ते कसं होतं हे कुणीतरी लिहिलेलं लागतं ना?

आजीच्या आठवणी मी लिहून घेतल्या नाहीत. आता आजी नाही. तुमच्या घरी लोणार पाहिलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर आजच मोबाईलवर रेकॉर्ड करा.