शांतता कोणाच्या हिशोबाने?

येणारे राजकीय आणि आर्थिक बदल शांततेत होतील का, हा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात तरुण पुन्हा पुन्हा विचारतात. मग कोणीतरी दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण देतोच: मंडेला सुटले, वाटाघाटी झाल्या, मतदान झाले, रक्त सांडले नाही. आम्हाला हे उत्तर मान्य नाही.

११ फेब्रुवारी १९९० ला मंडेला तुरुंगातून बाहेर आले. २७ एप्रिल १९९४ ला कृष्णवर्णीयांनी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिले. मधल्या चार वर्षांत राजकीय हिंसाचारात सुमारे १४ हजार माणसे मेली, बहुतेक कृष्णवर्णीयच. जून १९९२ मध्ये बोइपाटाँग वस्तीत एका रात्रीत चाळीसहून अधिक लोक मारले गेले, त्यात बायका आणि लेकरेही होती. १० एप्रिल १९९३ ला कम्युनिस्ट नेते ख्रिस हानी यांना त्यांच्या घरासमोर गोळ्या घातल्या. मारेकरी गोरा, पिस्तूल पुरवणारा गोऱ्यांच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा नेता. मंडेलांनी टीव्हीवरून लोकांना सांगितले की, मारेकऱ्याच्या गाडीचा नंबर पोलिसांना कळवणारी बाईसुद्धा गोरीच आहे. दंगली झाल्या, पण वाटाघाटी मोडल्या नाहीत. ज्यांचा माणूस गेला होता, संयम त्यांनीच पाळला.

म्हणजे बदल शांततेत होणार की नाही, हे मागणारा ठरवत नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे, तो ठरवतो. नामांतर आठवा. २७ जुलै १९७८ चा ठराव विधिमंडळाचा होता, याहून सनदशीर काय असते? तरी मराठवाड्यात घरे आमचीच जळली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, दक्षिण आफ्रिकेतल्या मतदानाच्या तीन महिने आधी.

आता आर्थिक बाजू. १९१३ च्या कायद्याने कृष्णवर्णीय बहुसंख्याकांना जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली होती, १९३६ च्या कायद्याने ती मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास नेली. वाटाघाटीत गोऱ्या नोकरशहांच्या नोकऱ्यांना संरक्षण मिळाले आणि मालमत्तेचा हक्क संविधानात गेला. पाच वर्षांत ३० टक्के शेतजमीन वाटण्याचे आश्वासन पाळले गेले नाही. उलट १९९६ मध्ये नवे आर्थिक धोरण आले: सरकारी खर्चाला कात्री, खासगीकरण, भांडवलाला मोकळीक. हे उदारीकरण मात्र अगदी शांततेत झाले!

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सनदशीर मार्ग धरायला सांगितले, हे व्यासपीठावरचे पाहुणे आम्हाला दर १४ एप्रिलला ऐकवतात. त्याच भाषणात त्यांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती लवकर मिटवली नाही, तर विषमतेने पिचलेले लोक राजकीय लोकशाहीचा हा डोलाराच उडवून देतील. तो भाग पाहुण्यांच्या भाषणात येत नाही.

१६ ऑगस्ट २०१२ ला दक्षिण आफ्रिकेतील मारिकाना येथे प्लॅटिनमच्या खाणीतल्या ३४ संपकरी कामगारांना पोलिसांनी गोळ्या घालून मारले. मागणी होती महिना १२,५०० रँड पगाराची. सरकार मंडेलांच्याच पक्षाचे होते.