अंकीय उंची-प्रतिमानांची लेसर-पडताळणी : बिदर–कलबुर्गी

जमिनीची उंची चौकटीचौकटीने नोंदवणाऱ्या संगणकीय नकाशाला अंकीय उंची-प्रतिमान किंवा ‘डेम’ म्हणतात. त्यातली उंची कितपत खरी आहे, हे उपग्रहावरील लेसरच्या मोजणीशी ताडून ठरवण्याची ही पद्धत आहे. बिदर पठारावर तिची गरज विशेष जाणवते. इथे मांजरा-कारंजाचे पाणी गोदावरीला जाते, तर मुल्लामारी आणि बेन्नेतोराचे भीमेतून कृष्णेला. दोन्ही खोऱ्यांमधला जलविभाजक काही ठिकाणी इतका सपाट आहे, की उंचीत चार-पाच मीटरची चूक झाली तरी शिवारातला ओढा नकाशावर भलत्याच खोऱ्यात जातो.

स्वतंत्र मोजणीने पडताळा घेण्याची रीत या भागाला जुनी आहे. सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने 1815 मध्ये बिदरजवळ दामरगिड्डा येथे आधाररेषा मोजली होती. 1841 मध्ये सर्वेक्षक अँड्र्यू वॉने बिदरची आधाररेषा नव्याने मोजली. उत्तरेकडून त्रिकोणांच्या साखळीने आणलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत तेव्हा काही इंचांचाच फरक निघाला.

आज तपासली जाणारी बहुतेक प्रतिमाने सुमारे 30 मीटरच्या चौकटीची असतात. एसआरटीएम हे फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानावरील रडारने अकरा दिवसांच्या मोहिमेत टिपले गेले. कार्टोडेम इस्रोच्या कार्टोसॅट-1 (2005) उपग्रहाच्या जोडचित्रांवरून तयार झाले असून इस्रोच्याच ‘भुवन’ संकेतस्थळावर मिळते. कोपर्निकस प्रतिमान जर्मन टॅनडेम-एक्स रडारच्या नोंदींवर उभे आहे. शंभरपैकी नव्वद ठिकाणी चूक किती मीटरच्या आत असावी, याची त्यांची उद्दिष्टे अनुक्रमे 16, 8 आणि 4 मीटर अशी आहेत.

पडताळणीसाठी मुख्यतः आइससॅट-2 वापरतात. 15 सप्टेंबर 2018 रोजी सोडलेला हा उपग्रह सुमारे 500 किलोमीटरवरून सहा हिरव्या किरणशलाका टाकतो आणि दर सेकंदाला 10,000 स्पंद पाठवून परतलेले प्रकाशकण एकेक मोजतो. त्याच्या प्रकाशाचा जमिनीवरचा ठिपका 11 मीटरच्या आसपास असतो. जुन्या आइससॅटचा (2003–2009) ठिपका सुमारे 70 मीटरचा होता. दहा अंशांच्या उतारावर अशा एकाच ठिपक्यात बारा मीटरचा चढ मावतो. लेसर ढगांपुढे मात्र हतबल आहे, त्यामुळे पावसाळ्यातल्या नोंदी विरळ असतात. दिवसा सूर्यप्रकाशाचे कण मोजणीत मिसळतात, म्हणून रात्रीच्या नोंदी अधिक भरवशाच्या.

सर्वांत मोठा घोळ उंचीच्या पायाचा होतो. आइससॅट-2 आणि कार्टोडेम उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. एसआरटीएम आणि कोपर्निकस मोजतात ती भूप्रतिरूपापासून, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासून. दक्षिण भारतात समुद्रसपाटीचा हा पृष्ठभाग लंबगोलाच्या बराच खाली आहे, आणि बिदर-कलबुर्गीत तो सुमारे 70 ते 80 मीटर खाली भरतो. त्यामुळे साडेचारशे मीटरवरचे कलबुर्गी शहर लेसरच्या कच्च्या नोंदीत पावणेचारशेच्या आसपास दिसते. हे रूपांतर राहून गेले, तर पुढची सगळी आकडेमोड फुकट. दोन भूप्रतिरूपेही एक धरू नयेत: एसआरटीएम 1996चे वापरते, कोपर्निकस 2008चे.

त्यानंतर येतो काळाचा आणि पृष्ठभागाचा प्रश्न. मराठी घरांत ज्या भागातून शहाबादी फरशी आली, तिथे, म्हणजे शहाबाद, वाडी आणि सेडमच्या चुनखडकात, खाणी सतत खोल होत गेल्या आहेत. तिथे 2000 सालच्या रडारची उंची आजच्या लेसरशी जुळली नाही, तर दोष प्रतिमानाचा नाही. भालकीकडे उभ्या उसावरून आणि चिंचोळीच्या जंगलात रडार बऱ्याच अंशी झाडोऱ्यावरून परतते. लेसरचे काही कण पानांमधून जमिनीपर्यंत पोचतात, म्हणून तिथे प्रतिमान उंच निघते. उलट कलबुर्गीच्या काळ्या, उघड्या रानात तूर निघाल्यावर दोन्ही मोजण्या एकाच जमिनीबद्दल बोलतात, आणि खरी तुलना तिथेच होते. बिदरच्या जांभ्याच्या पठाराचे कडे ही तिसरी अडचण. तिथे प्रतिमान एका चौकटीने जरी सरकलेले असले, तरी एका बाजूला उंची वाढते आणि समोरच्या बाजूला घटते. म्हणून आधी आडवी सरक दुरुस्त करावी, मग उभी चूक मोजावी.

फरकांची सरासरी प्रतिमानाचा कल दाखवते, वर्गमध्यमूळ एकूण विखुरणी. ढगावरून परतलेल्या एखाद-दुसऱ्या नोंदीनेही वर्गमध्यमूळ फुगते, त्यामुळे मध्यकावर आधारलेले मापही सोबत द्यायला हवे. उतार आणि जमीनवापर यांनुसार वेगळे आकडे न देता सबंध जिल्ह्याला एकच आकडा चिकटवणारा अहवाल कालव्याच्या आखणीला निरुपयोगी आहे.

टॅनडेम-एक्सची उंची बसवताना जुन्या आइससॅटच्याच नोंदी आधार म्हणून वापरल्या गेल्या होत्या. त्यामुळे कोपर्निकसची पडताळणी त्या नोंदींशी केली, तर ती स्वतंत्र राहत नाही. तिथे आइससॅट-2 किंवा अंतराळ स्थानकावरील जेडाय लेसरच्याच नोंदी घ्याव्यात.