स्टोरेज एरिया नेटवर्क : स्विचरचनेची निवड

स्टोरेज एरिया नेटवर्क : अनेक सर्व्हरना सामायिक साठवणयंत्रांशी जोडणारे, कार्यालयीन नेटवर्कपासून वेगळे ठेवलेले जाळे. त्यासाठी बहुधा फायबर चॅनल हे तंत्र वापरतात. त्याच्या मानकाला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली.

दुहेरी फॅब्रिक : एकमेकांना जोडलेल्या स्विचांच्या संचाला फॅब्रिक म्हणतात. रचना कोणतीही असो, दोन स्वतंत्र फॅब्रिके उभारतात आणि प्रत्येक सर्व्हर व साठवणयंत्र दोन्हींना जोडतात. ही फॅब्रिके परस्परांना जोडत नाहीत. जोडल्यास झोनिंगमधील (कोणत्या सर्व्हरला कोणते साठवणयंत्र दिसावे हे ठरवणाऱ्या नियमांतील) एक चूक दोन्ही मार्ग बंद पाडू शकते.

प्रकार : (१) एकच स्विच : स्विच-स्विच दुवे लागत नाहीत. (२) साखळी व कडे : स्वस्त, पण दूरच्या टोकांमधील माहितीला अनेक स्विच ओलांडावे लागतात. (३) पूर्ण जाळी : प्रत्येक स्विच इतर सर्वांना जोडलेला. आठ स्विचांना २८ दुवे लागतात व ५६ पोर्ट त्यातच खर्ची पडतात. (४) गाभा-कडा : साठवणयंत्रे गाभ्याच्या स्विचांना, सर्व्हर कडेच्या स्विचांना. दोन गाभ्याचे व सहा कडेचे स्विच असल्यास १२ दुवे पुरतात आणि सर्व्हरपासून साठवणयंत्रापर्यंत एकच दुवा ओलांडावा लागतो. कडेच्या २४ पोर्टांपैकी २० सर्व्हरना व ४ गाभ्याकडे दिल्यास समान वेगावर भाराचे प्रमाण ५:१ होते.

नाशिकमधील उपयोग : सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील दहा-पंधरा सर्व्हरच्या कारखान्याला प्रत्येक फॅब्रिकसाठी २४ पोर्टांचा एक स्विच पुरतो. सातपूर येथे ईएसडीएस या २००५ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या कंपनीचे डेटा सेंटर आहे. अनेक ग्राहकांची माहिती एकत्र सांभाळणाऱ्या अशा केंद्रांना गाभा-कडा रचना सोयीची असते, कारण वाढीच्या वेळी चालू जोडण्या न हलवता कडेला नवा स्विच लावता येतो.

नाशिकमध्ये साठवलेल्या माहितीची दुसरी प्रत मुंबईत ठेवायची तर अंतर मोजावे लागते. काचतंतूत प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. सुमारे १७० किमी मार्गावर जाऊन-येऊन १.७ मिलिसेकंद होतात. प्रत्येक नोंद तेवढी खोळंबू नये म्हणून एवढ्या अंतरावर सहसा नोंद आधी नाशिकला पूर्ण करून प्रत मागाहून पाठवतात.

निवडीचा क्रम : आधी दोन फॅब्रिके, मग पुढील तीन ते पाच वर्षांची पोर्टसंख्या, त्यानंतर भाराचे प्रमाण, किंमत शेवटी. लहान संस्थेने प्रत्येक फॅब्रिकमध्ये एका स्विचपासून सुरुवात करावी, पण गाभ्याकडे जाणारे पोर्ट पहिल्या दिवसापासून राखून ठेवावेत.