मुतखडा पडला? फेकू नका, तपासून घ्या

मुतखडा पडला की दुखणे थांबते आणि खडा लघवीबरोबर वाहून जातो. पण पुढचा खडा टाळण्यासाठी हाच खडा सर्वांत उपयोगी असतो. काळजी न घेतल्यास एकदा मुतखडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना १० वर्षांत तो पुन्हा होतो. यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. शेतात दिवसभर घाम गेला आणि पाणी कमी पडले, तर लघवी घट्ट होते व खडे होण्याचा धोका वाढतो.

खडा कशाचा, हे का कळायला हवे?

कारण प्रत्येक प्रकाराचा उपाय वेगळा असतो.

• कॅल्शियम ऑक्झलेट: सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मीठ आणि पालकासारख्या भाज्या कमी कराव्या लागतात. दूध-दही मात्र स्वतःहून बंद करू नका. आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला अडवते.
• युरिक ॲसिड: साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने हा खडा अनेकदा विरघळतो.
• स्ट्रुव्हाइट: जंतुसंसर्गामुळे होतो. खडा पूर्ण काढणे आणि संसर्ग बरा करणे, दोन्ही गरजेचे असते.
• सिस्टीन: दुर्मिळ आणि आनुवंशिक. भावंडांचीही तपासणी करावी लागते.

इन्फ्रारेड तपासणी कशी होते?

इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. टीव्हीच्या रिमोटमधून निघणारा प्रकाशही याच कुळातला. प्रयोगशाळेत खडा धुऊन, वाळवून त्याची बारीक पूड करतात आणि त्यावर हा प्रकाश सोडतात. प्रत्येक पदार्थ ठरावीक लहरीच शोषतो. त्यातून मिळणारा आलेख त्या पदार्थाच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो. तो ओळखीच्या आलेखांशी जुळवून खड्यात काय आहे आणि किती प्रमाणात आहे, हे सांगता येते. या तपासणीला ‘एफटीआयआर’ म्हणतात. काही मिलिग्रॅम पूडही पुरते. तुमच्या शरीरावर प्रकाश सोडला जात नाही.

सोनोग्राफीत खडा किती मोठा आणि कुठे आहे ते दिसते, पण तो कशाचा आहे ते खात्रीने कळत नाही.

खडा कसा जपाल?

१. दुखत असेल त्या दिवसांत लघवी गाळणीतून गाळा. ती गाळणी स्वयंपाकाला वापरू नका.
२. खडा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.
३. स्वच्छ, कोरड्या डबीत ठेवा. चिकटपट्टी लावू नका, स्पिरिट किंवा फॉर्मालिनमध्ये बुडवू नका.
४. ऑपरेशन होणार असेल, तर खड्याचे तुकडे तपासणीला पाठवा असे आधीच सांगा.

वाळलेला खडा खराब होत नाही. गावात किंवा तालुक्याला सोय नसेल, तर पॅथॉलॉजी लॅबमार्फत तो मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो का, ते विचारा.

रिपोर्ट आल्यावर

तो डॉक्टरांना दाखवा. रक्त आणि लघवीच्या तपासण्यांबरोबरच त्याचा अर्थ लावला जातो. प्रकार कोणताही असो, दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

थांबू नका

दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबत नसतील, तर खडा पडण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.