चेन घसरवणारे यंत्र

बोईसर स्टेशनापासून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळच्या पाळीच्या वेळी उभे राहिलात, तर रिक्षा, मोटारसायकली आणि कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या सायकली आजही दिसतात. बहुतेक साध्या, काळ्या; मागे कॅरियर आणि त्याला डब्याची पिशवी. मधूनच एखादी गिअरची सायकल असते. तिच्या मागच्या चाकाकडे जरा निरखून पाहा. लहानमोठी सहा-सात दातेरी चक्रे असतात, पण चेन त्यांतल्या एकाच चक्रावर कायमची मुक्कामाला आलेली असते. बाकीची चक्रे गंजून तांबूस झालेली. मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘गिअर नुसता नावाला आहे. पडतच नाही.’

मी पालघरचा. सायकल चालवणे ही माझी सवय आणि यंत्रांचा इतिहास वाचणे हा छंद. त्यामुळे हे उत्तर ऐकले की मनात येते, ज्या सोयीसाठी युरोपात पस्तीस वर्षे वाद चालला, ती आपल्या दारात आली आणि न वापरताच गंजून गेली. असे का झाले, आणि ती पुन्हा चालती करायची तर काय पाहावे, एवढेच आज सांगायचे आहे.

मागच्या चाकापाशी लोंबणारा, दोन छोट्या चाकांचा जो सांगाडा असतो, त्याला डेरेलर म्हणतात. आपले सायकल दुरुस्तीवाले त्याला नुसते ‘मागचा गिअर’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि तो आला आहे रेल्वेतून. त्याचा अर्थ रुळावरून उतरवणारा. आपण पश्चिम रेल्वेच्या रुळांकाठी राहणारी माणसे; गाडी रुळावरून घसरली म्हणजे काय अनर्थ होतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. या यंत्राचे काम मात्र नेमके तेच आहे. चालत्या चेनला एका चक्रावरून घसरवायचे आणि शेजारच्या चक्रावर अलगद बसवायचे.

आता याची गरज काय? आपल्या भागापुरते बोलू. सातपाटी, शिरगाव, माहीम, केळवे किंवा तिकडे चिंचणी-तारापूर हा सगळा किनारा सपाट. इथे साधी सायकल मजेत चालते. पण पालघरहून मनोरकडे निघालात, की काळदुर्गाच्या शेजारी वाघोबा खिंडीचा चढ लागतो. साध्या सायकलला समजा पुढे ४४ आणि मागे १८ दाते आहेत. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे छान. चढावर मात्र प्रत्येक फेऱ्याला ते साडेपाच मीटर गुडघ्यांनी उचलावे लागतात. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील, तर तोच फेरा सव्वादोन मीटरचा होतो. चढ तेवढाच राहतो, पण त्याचे लहान घास करून खाता येतात. समोरून समुद्राचा वारा आला, तर सपाट रस्त्यावरही हाच हिशेब लागू पडतो.

हा हिशेब १९व्या शतकातल्या लोकांनाही ठाऊक होता. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली मागच्या चाकाला चेन लावलेली ‘रोव्हर’ सायकल आणली. आजच्या सायकलीचा सांगाडा तोच. चेन आली, तशी दात्यांची चक्रे बदलून पाहण्याची कल्पनाही आली. फ्रान्समधल्या सेंत एतियन या गावात पोल द विवी नावाचे गृहस्थ होते. मूळचा धंदा रेशमाचा, पण पुढे सायकलींच्या नादी लागले. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहीत आणि १८८७ पासून सायकलीला वाहिलेले नियतकालिक चालवीत. त्यांचे गाव डोंगराळ. साध्या माणसाला डोंगर चढता यायचा असेल, तर सायकलीला एकापेक्षा जास्त वेग हवेत, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. नुसते सांगितले नाही, निरनिराळ्या रचना स्वतःच्या सायकलीवर लावून पाहिल्या.

१९०२ साली फ्रान्समध्ये डोंगरी रस्त्यांवर सायकलींची एक मोठी चाचणी झाली. तीत मार्थ हेस या महिलेने तीन वेगांच्या सायकलीवर सगळे घाट पार केले. तिने पाय जमिनीला टेकवलाच नाही, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. वाद इथे मिटायला हवा होता. झाले उलटेच. १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारे संपादक आंरी देग्रांज यांचे म्हणणे असे, की गिअर ही वय झालेल्यांची सोय आहे; शर्यत ही स्नायूंची असते, यंत्राची नव्हे. त्यांच्या शर्यतीत डेरेलरला बंदी राहिली. मग शर्यतपटू काय करीत? मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या मापाची चक्रे बसवीत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढायचे, उलटे बसवायचे आणि पुढे निघायचे. माथ्यावर पोचले की पुन्हा तोच खटाटोप. इटलीचे तुल्यो कांपान्योलो यांनी १९३० साली पान्याशिवाय चाक सोडवणारा दांडा काढला, त्याचे महत्त्व यावरून कळावे.

तूर द फ्रान्समध्ये डेरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. देग्रांज यांनी आदल्याच वर्षी सूत्रे खाली ठेवली होती. त्या वर्षी रोझे लापेबी डेरेलर लावलेल्या सायकलीवर जिंकला. व्हेलोसिओ मात्र ते पाहायला नव्हते. १९३० साली ट्रामच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला होता. यंत्र तयार होते, ते चालतही होते. अडले होते ते एका समजुतीपाशी. सोपे करून घेणे म्हणजे कमीपणा, ही ती समजूत.

परवानगी मिळाली, तरी गिअर अलगद पडणे ही पुढची गोष्ट होती. मागची चक्रे शेजारी शेजारी पाहा. लहानापासून मोठ्यापर्यंत तो एक छोटा जिनाच असतो. जुना डेरेलर चेनला सरळ आडवी सरकवी. त्यामुळे मोठ्या चक्रापाशी तो अगदी जवळ असे, तर लहान चक्रापाशी बराच दूर. अंतर जितके जास्त, तितकी चेन आळसाने वळते आणि खडखडते. १९६४ साली जपानच्या माएदा कंपनीने ‘सनटूर’ या नावाखाली एक साधा बदल केला. डेरेलरची चौकट तिरकी केली. जिन्याचा कठडा जसा पायऱ्यांच्या उताराबरोबर उतरतो आणि प्रत्येक पायरीपासून सारख्याच उंचीवर राहतो, तसा हा डेरेलर प्रत्येक चक्रापासून जवळपास सारख्या अंतरावर राहू लागला.

त्या कल्पनेचे पेटंट १९८४ साली संपले. त्याच सुमारास शिमानो कंपनीने ती आपल्या नव्या डेरेलरात घेतली आणि गिअरच्या खटक्याला ठरावीक टप्पे दिले. शिमानो ही साकाई गावात १९२१ साली फ्रीव्हील बनवण्यापासून सुरू झालेली कंपनी. या टप्प्यांचा अर्थ रेडिओच्या श्रोत्यांना पटकन कळेल. जुन्या रेडिओवर बटण फिरवत फिरवत स्टेशन कानाने शोधावे लागे; मग ठरलेले स्टेशन एका दाबात लावणारी बटणे आली. गिअरचेही तसेच झाले. एक खटका, एक चक्र. आज आपण ज्याला ‘गिअर मऊ पडतो’ म्हणतो, त्याचे सारे रहस्य या दोन गोष्टींत आहे: सारखे अंतर आणि मोजका टप्पा.

आता आपल्याकडे येऊ. मद्रासची टीआय सायकल्स १९४९ सालची, सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ची, लुधियानाची हीरो १९५६ची. या कारखान्यांनी देशाला दिली ती काळी, दणकट, बिनगिअरची सायकल. तिने दुधाचे कॅन वाहिले, भाताची पोती वाहिली, डबलसीट माणसे नेली. कोणत्याही नाक्यावर दुरुस्त व्हायची. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पाठोपाठ बोईसरला कारखाने वाढले, तेव्हा आसपासच्या गावांतले कामगार याच सायकलीवर कामाला येत. गिअरची सायकल आली ती पुढे, आणि आली ती पोरांच्या हौसेची वस्तू म्हणून. गिअर हा दाखवायचा दागिना ठरला. घाट चढण्याचे अवजार म्हणून त्याकडे कोणी पाहिलेच नाही, मग निगा कोण राखणार?

तर निगेचे आणि बदलण्याचे दोन शब्द. गिअर पडत नसला की दुकानात जाऊन थेट नवा डेरेलर मागू नका. आधी केबल पाहा. आपल्याकडची हवा खारी. केबल आवरणाच्या आत गंजते, अडकते आणि खटक्याने दिलेला टप्पा मागे पोचतच नाही. न गंजणारी नवी केबल आणि नवे आवरण टाकले, की निम्म्या तक्रारी संपतात. मग डेरेलर ज्या लोखंडी कानाला लटकतो तो सरळ आहे का ते पाहा. सायकल त्या बाजूला एकदा पडली तरी तो वाकतो. मग चेन मोजा. एक आड एक पिना धरून बारा कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. दीड मिलिमीटर जास्त भरल्या, तर चेन बदला.

एवढे करूनही काम झाले नाही, तर डेरेलर बदला. तेव्हा त्याच्या नावापेक्षा तीन गोष्टी पाहा. पहिली, तो मागचे सर्वांत मोठे चक्र किती दात्यांचे पेलतो. दुसरी, तो किती चेन गोळा करू शकतो. हिशेब सोपा आहे. पुढे ४२ ते २४ दाते, म्हणजे फरक १८; मागे १४ ते २८, म्हणजे फरक १४; बेरीज ३२. चढासाठी मागे ३४ दात्यांचे चक्र घेतले, तर बेरीज ३८ होते, आणि तेवढी चेन सांभाळणारा लांब सांगाड्याचा डेरेलर लागतो. तिसरी, त्याची चाल हँडलवरच्या खटक्याशी जुळली पाहिजे. शिमानोच्या सात, आठ आणि नऊ वेगांच्या माउंटन डेरेलरची चाल एकच, त्यामुळे सात वेगांच्या सायकलीला नऊ वेगांच्या मालिकेतला डेरेलर बिनबोभाट चालतो. दहा वेगांचा मात्र चालत नाही, कारण त्याची चाल वेगळी. महागडा आहे म्हणून तो घेतला, तर पैसे गेले आणि खडखड राहिली.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपलीकडे नाशिक. तिथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेतली सुमारे ४,८०० किलोमीटरची आडवी शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. गिअर वापरले म्हणून त्यांचे श्रेय कमी, असे आज कोणी म्हणणार नाही. मग आठ तासांची पाळी संपवून वाऱ्याच्या तोंडी घरी निघालेल्या माणसाने तरी गुडघे का झिजवावेत? त्याच्या सायकलीवर ती सोय बसवलेली असते. एक केबल बदलून आणि थोडे तेल घालून ती चालू होणार असेल, तर पुढच्या ओव्हरऑईलिंगला दुरुस्तीवाल्याला तेवढे जरूर सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)